टोपीतलं काजळ

संपादकांच्या पत्रात ‘आपल्या व्यवसायातील वाटचाल’ असे शब्द आहेत. ती मी लिहिणार नाही. चिंचवड स्टेशनजवळ मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड घातली आणि गुडघे कामातून जाईपर्यंत तिथेच गाड्यांखाली पडून राहिलो. वाटचाल केली ती गाड्यांनी, मी जागेवरच होतो. त्यापेक्षा एका चुकीबद्दल लिहितो. चूक माझी होती. ती मी चारचौघांत कबूल केली, त्यापायी चांगली गिऱ्हाइकं गेली, लोकांनी टिंगल केली, आणि आज परत तोच प्रसंग आला तरी मी तसाच वागेन. ज्यांना थोरामोठ्यांशी जमवून घेतल्याच्या गोष्टी वाचायच्या आहेत त्यांनी पुढचं पान उलटावं.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. पिंपरीत औषधाचा कारखाना नुकता उभा राहत होता. निगडीला बाजरी होत होती. मी लढाईच्या काळात देहूरोडच्या मिलिटरी डेपोत हेल्परी करून काम शिकलो होतो, म्हणजे साहेबांच्या शिव्या खात आणि नजर चोरून बघत. डेपोतून सुटल्यावर शेतावर जाण्याऐवजी शेड घातली, तेव्हा आमच्या भावकीत मला कोणी शहाणा म्हणालं नाही.

आता माझा नातू चाकणला मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याला मी एकदा डिस्ट्रिब्युटरबद्दल सांगायला लागलो तर म्हणाला, “आजोबा, तो भाग आता गाडीत नसतोच.” नसेना का. आमच्या वेळी होता, आणि तो बिघडला की गाडी म्हणजे रस्त्यात उभं केलेलं कपाट. तेव्हा वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात चार किंवा सहा सिलिंडर असतात. प्रत्येकात नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते. ठिणगीचा करंट येतो एकाच कॉइलमधून, आणि तो पाळीपाळीने ज्याचा त्याला पोचवायचं काम डिस्ट्रिब्युटर करतो. पंगतीत एकच वाढपी असावा आणि त्याने ठरलेल्या क्रमानेच वाढत जावं, तसं. वर काळ्या बेकलाइटची एक उपडी वाटी असते. तिला आम्ही टोपी म्हणायचो. टोपीच्या आत कडेकडेने धातूची टोकं, एकेका सिलिंडरचं एकेक, आणि मधे गरगर फिरणारा रोटर. रोटर ज्या टोकासमोर येईल त्याला करंट मिळतो. बेकलाइटमधून वीज जात नाही, म्हणून एकाचा करंट दुसऱ्याकडे पळत नाही. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढची सगळी गोष्ट कळेल.

टोपीखाली दोन छोटे पॉइंट असतात, उघडझाप करणारे. त्यांच्यातली फट नखाच्या जाडीएवढी लागते. जास्त झाली तरी गाडी रुसते, कमी झाली तरी रुसते. देहूरोडच्या रेल्वे फाटकापाशी एकदा एका नवरदेवाची गाडी बंद पडली होती. माझ्याकडे फट मोजायची पाती नव्हती. मी नवरदेवाच्या बापाकडून लग्नपत्रिका मागून घेतली, दुमडून पॉइंटमधे सरकवली, स्क्रू आवळला आणि गाडी सुरू करून दिली. बाप म्हणाला, “अहो, गणपतीच्या चित्राला ग्रीस लागलं!” मी म्हणालो, “मग मुहूर्त तोच सांभाळील.” मुहूर्त सांभाळला गेला की नाही ते कळलं नाही, पण पुढे त्याच घरची बारशाची मिठाई शेडवर आली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तळेगाव दाभाड्याला एक वकील राहत. नाव लिहीत नाही, घरात नातवंडं आहेत. त्यांच्याकडे तीस सालाच्या आसपासची एक अमेरिकन मोटार होती. निळा रंग, पितळी दिवे, दाराखाली लांब पायरी. तेव्हाच ती पंचवीस वर्षांची होती, पण रस्त्याने निघाली की बैलगाडीवाले बैल थांबवून बघत. ती चालवायचा सखाराम. इंदुरीचा माणूस, अठरा वर्षं त्याच घरात. गाडी पुसताना तो तिच्याशी बोलायचा हे मी स्वतः ऐकलं आहे. सर्व्हिसिंगला तो ती माझ्याकडे आणायचा, आणि मी दारं जोरात लावली तर मला दम द्यायचा.

त्या वर्षी दसऱ्याच्या दोन दिवस आधी गाडी माझ्याकडे आली. मी डिस्ट्रिब्युटर उघडला, पॉइंट घासले, रोटर साफ केला. तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. पाने, हातोडे, स्क्रू-ड्रायव्हर धुतलेल्या पोत्यावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची, आणि दिवसभर कोणत्याही हत्याराला हात लावायचा नाही. गाडी अर्धी उघडी असली तर उघडीच राहणार. तशी ती राहिली, आणि तिची टोपी बाकावर वाटीसारखी उताणी पडून राहिली.

आई पूजेचं ताट घेऊन शेडमधे आली. ती घरीच काजळ करायची, एरंडेलाच्या दिव्यावर ताट उपडं धरून, मग तुपात खलून. तिने गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, “येवढी देखणी गाडी. उभ्या सडकंची नजर लागत आसंल तिला. तीट लाव.”

“आई, लोकाची गाडी हाय. डाग पडला तर वकील मला कोर्टात उभा करंल.”

“मंग आत कुठंतरी लाव. कुनाला दिसायचं न्हाई आशा जागी. लेकराला तळपायाला लावत्यात न्हवं?”

मला हसू आलं. समोर टोपी उताणी पडलेली. मी बोट काजळात बुडवलं आणि टोपीच्या आत दोन टोकांच्या मधे ठसठशीत तीट लावली. काळ्यावर काळं, कोणाच्या बापाला दिसलं नसतं. आईचं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी दसरा होता, त्या गडबडीत मी टोपी तशीच बसवली, गाडी सुरू करून पाहिली, उत्तम चालली, आणि सखाराम ती तोरण लावून घेऊन गेला. डेपोत दोन महिने हेल्परी केलेलं पोरगंही सांगू शकेल की काजळ म्हणजे काजळी, काजळी म्हणजे कोळसा, आणि कोळसा विजेला वाट देतो. मला ते पक्कं माहीत होतं. पण त्या क्षणी मी मिस्त्री नव्हतो, आईचा मुलगा होतो. कारण म्हणून हे सांगत नाही, घडलं तसं सांगतो.

दिवाळी चार दिवसांवर असताना सखाराम शेडवर आला. गाडी नव्हती, चालत आला होता. बाकावर बसला. चहा मागवला तो त्याने घेतला नाही.

“मिस्त्री, मला चोर ठरिवलं,” तो म्हणाला.

झालं होतं असं. दसऱ्यानंतर आठ-दहा दिवसांनी गाडी सकाळी त्रास द्यायला लागली. सुरू होताना खोकायची, फटाके वाजवायची, गचके द्यायची. दोनदा वकीलसाहेबांना कोर्टात उशीर झाला. त्यांच्या जावयाने सांगितलं, रस्त्यावरच्या मिस्त्रीचा नाद सोडा. मग गाडी पुण्याला कॅम्पात एका मोठ्या वर्कशॉपमधे गेली. तिथल्या इंजिनियर साहेबांनी भर दुपारी तपासली तर गाडी घड्याळासारखी चालली. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: इंजिनात दोष नाही, पेट्रोलमधे रॉकेल मिसळलं जात असावं. म्हणजे सखाराम टाकीतलं पेट्रोल काढून विकतो आणि जागा रॉकेलने भरतो. वकीलसाहेबांनी त्याला सांगितलं होतं, उद्या सकाळी ते साहेब टाकीतला नमुना घ्यायला येतील. त्याआधी कबूल कर आणि गुपचूप नोकरी सोड, नाहीतर नमुना आणि तू, दोघेही चौकीवर.

“नुस्ती नोकरी गेली आसती तर गेली,” सखाराम म्हणाला. “पर चोर म्हनून इंदुरीत कसा जाऊ? माजं वडील त्या गावात पोलीसपाटलाच्या शेजारी बसायचं.”

मी म्हणालो, “गाडी रोज सकाळी त्रास देती?”

“रोज न्हाई. धुकं पडलं की देती. परवा धुकं न्हवतं, पयल्या दमात चालू झाली.”

इथे त्या इंजिनियर साहेबांची बाजूही सांगायला हवी. तो काही मूर्ख नव्हता. रॉकेल मिसळलं तर थंड इंजिन खोकतं आणि तापलं की बरं चालतं, हे खरंच आहे. पण रॉकेलला धुक्याशी काय देणंघेणं? टाकीतलं पेट्रोल परवाही तेच आणि आजही तेच. धुक्याला भिते ती वीज. ओल कुठेतरी करंटला चोरवाट करून देत होती. चोर होता, पण तो डिस्ट्रिब्युटरमधे होता. एवढं डोक्यात आलं आणि त्यापाठोपाठ माझं स्वतःचं बोट मला दिसलं, टोपीच्या आत तीट लावणारं.

खरं सांगतो, पहिला विचार मनात आला तो सोपा होता. सखारामला हळूच सांगावं, जा, टोपी काढ, आतून पेट्रोलच्या कापडाने पूस, गाडी चालेल. कोणाला काही कळणार नाही आणि माझी शेड शाबूत राहील. पण लगेच कळलं की त्याने सखाराम जास्तच बुडेल. आज धरला आणि उद्यापासून गाडी नीट चालली, तर वकील काय म्हणणार? धरल्यावर चोरी थांबली. गाडी गुपचूप दुरुस्त करणं म्हणजे त्याच्यावर शिक्का मारणं होतं. ती सगळ्यांच्या देखत दुरुस्त व्हायला हवी होती, आणि बिघाड कोणाचा तेही तिथेच सांगायला हवं होतं.

मी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, तो माझी गचांडी धरील. त्याने फक्त विचारलं, “उद्या याल?”

“येतो. गाडीला हात लावू नको. टोपी तर अजिबात काढू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तळेगावला उतरलो. धुकं असं की स्टेशनबाहेरचा टांगा दिसेना. एरवी मी धुक्याला शिव्या देतो, त्या दिवशी हात जोडले. बंगल्याच्या फाटकातून आत गेलो. अंगणात निळी गाडी उभी, टपावर दव. वकीलसाहेब काळ्या कोटात, शेजारी पांढऱ्या डगल्यातले पुण्याचे साहेब हातात काचेची बाटली घेऊन. सखाराम गाडीपासून चार पावलं लांब उभा. अठरा वर्षं पुसलेल्या गाडीला हात लावायची त्याला मनाई होती.

“तुला कोणी बोलावलं?” वकीलसाहेब म्हणाले.

“कोणी नाही. नमुना घ्यायच्या आधी पाच मिनिटं मागतो. बाटली मग भरा.”

“दोष पेट्रोलचा आहे,” साहेब म्हणाले. “मी लिहून दिलंय.”

“मग पाच मिनिटांत काय बिघडतंय? साहेब, तुमच्याच हाताने गाडी चालू करा.”

ते बसले. गाडी खोकली, फाडकन एक फटाका वाजला, गचके देत बंद पडली. ‘बघा’ अशा नजरेने त्यांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. मी बॉनेट उघडलं, क्लिपा सोडल्या, टोपी काढली आणि पांढरं फडकं पेट्रोलमधे भिजवून आतून बोट फिरवलं. फडक्यावर काळा ओघळ आला. टोपी कोरडी करून बसवली. “आता करा.”

गाडी पहिल्या दमात सुरू झाली. टाकीला मी हातसुद्धा लावला नव्हता.

“ओल आली असेल आत,” साहेब म्हणाले. “दव पडतंच. त्याने रॉकेल नव्हतं असं सिद्ध होत नाही.”

माणूस हुशार होता, खरंच. आणि इथे मला सुटायला दार उघडं होतं. ‘हो, ओलच होती’ म्हटलं असतं तर माझ्यावर काही आलं नसतं, पण सखारामवरचा संशय अर्धामुर्धा तसाच राहिला असता. मी फडकं त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. “नीट बघा. ही ओल नाही, हे तुपात खललेलं काजळ आहे. खंडेनवमीला मी माझ्या बोटाने टोपीत तीट लावली. कोरड्या हवेत ती गप्प बसते, ओल आली की एका टोकाचा करंट दुसऱ्याला देते. बिघाड माझा आहे. सखारामचा त्यात काही संबंध नाही.”

आईचं नाव मी घेतलं नाही. बोट माझं होतं.

साहेब खो खो हसले. “तीट? मोटारीला? वकीलसाहेब, तरी मी म्हणत होतो, असल्या अडाणी माणसांच्या हातात गाडी देऊ नका.”

“अडाणी आहे,” मी म्हणालो. “पण ही टोपी चार दिवसांपूर्वी तुमच्या हातात होती. तुम्ही एकदा फडकं फिरवलं असतंत तर ते काळं झालं असतं. फडकं फिरवायला लागला असता एक मिनिट. माणसाला चोर लिहायला तुम्हाला तेवढाही लागला नाही.”

ते हसायचे थांबले. वकीलसाहेब मात्र वकीलच. म्हणाले, “तू याचा दोस्त आहेस. याला वाचवायला काहीही सांगशील. काजळाने गाडी बंद पडते याला पुरावा काय?”

“वहिनीसाहेबांकडून काजळाची डबी मागवा.”

मागवावी लागली नाही. त्या ओसरीवर उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. स्वतः आत गेल्या, डबी घेऊन आल्या आणि नवऱ्याकडे न बघता माझ्या हातात ठेवली. मी टोपी काढली, सगळ्यांना दाखवून दोन टोकांमधे काजळ लावलं, वर तोंडाची वाफ दिली आणि टोपी बसवली. साहेबांनी किल्ली फिरवली. खोकला, फटाका, गचका, बंद. टोपी पुसली, गाडी सुरू. परत लावलं, परत बंद. फाटकाशी दूधवाला थांबला, शेजारचे दोघे पंचे गुंडाळून आले. त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा करून दाखवलं. तेवढ्यात साहेबांनी बाटलीही भरून घेतली, वास घेतला, बोटावर थेंब घेऊन वाळवून पाहिला. मग बाटली गवतावर ओतून टाकली आणि म्हणाले, “स्वच्छ आहे.” एवढं तरी ते बोलले. पुण्याच्या मोठ्या वर्कशॉपच्या माणसाला ते सोपं गेलं नसणार.

वकीलसाहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं. “ठीक आहे. मिस्त्री, यापुढे माझी गाडी तुझ्याकडे येणार नाही. सखाराम, गाडी काढ, अकराला कोर्ट आहे.”

“वकीलसाहेब,” मी म्हणालो, “गाडी नका पाठवू, तुमचा हक्क आहे. पण आधी त्याला सांगा की तो चोर नाही.”

“त्याला कामावर ठेवतोय ना?”

“कामाचं नाही विचारलं मी. चोर म्हणालात ते इथंच, याच अंगणात. ते मागं घ्या. दूधवाला उभा आहे, त्याच्यासमोर घ्या.”

“तू मला शिकवणार?”

“आज शिकवतो.”

तळेगाव ते पुणे या माणसाचा शब्द चालत होता. माझी शेड सरकारी रस्त्याच्या कडेला होती आणि ती उठवायला त्यांची एक चिठ्ठी पुरली असती. तरी मी जागचा हललो नाही. ते कोटाची बटणं लावत गाडीत जाऊन मागच्या सीटवर बसले.

सखाराम पुढे झाला. मला वाटलं, आता हा दार उघडून बसणार, आणि मनातून मला त्याचा राग आला. त्याने दार उघडलं, किल्ली काढून घेतली, बॉनेट खाली करून नीट दाबलं. खांद्यावरच्या फडक्याने बॉनेटवरची माझ्या हाताची ग्रीसची खूण पुसली आणि तिथे किल्ली ठेवली.

“हे काय?” वकीलसाहेब आतून म्हणाले.

“जातो, साहेब.”

“वेडा आहेस का? अरे, आता सगळं मिटलंय!”

“मिटलं म्हनूनच जातो. काल तुमी काढलं आसतं तर तुमचं पाय धरून ऱ्हायलो आसतो. काल गेलो आसतो तर चोर म्हनून गेलो आसतो. आज समद्यांनी बघितलंय. आज जायला हरकत न्हाई.”

त्याने ओसरीकडे वळून वहिनीसाहेबांना नमस्कार केला. गाडीकडे पाहिलं नाही. आम्ही दोघं फाटकाबाहेर पडलो. धुकं विरत होतं. मागे वकीलसाहेब त्याला हाक मारत होते, पहिली हाक दटावणीची होती, दुसरी जरा मऊ, तिसरी मऊच. तो थांबला नाही.

स्टेशनच्या वळणावर मी म्हणालो, “सखाराम, माझ्यामुळं तुझी अठरा वर्षांची नोकरी गेली.”

तो रस्त्यात उभा राहिला. इतका वेळ खाली असलेली मान त्याने वर केली आणि माझ्यावर जवळजवळ खेकसला.

“गेली न्हाई, मिस्त्री. म्या सोडली.”

मग तो इंदुरीच्या रस्त्याला लागला, गावात सांगायला.